होडी हे कोणतं नाम

मी सातवीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेत इंग्रजीला नवीन बाई आल्या. त्या कोल्हापूरकडच्या, वयाने जेमतेम तेवीस-चोवीसच्या. नोकरी तीन वर्षांच्या कराराची. तपासणीत शेरा वाईट पडला तर काय होईल, याची धास्ती त्यांना कायम असायची. पूर्णगडच्या अलीकडे खाडीला लागून आमची वाडी. तिथे भाड्याने खोली मिळेना, म्हणून आईने पडवीला आडोसा घालून एक बाजू त्यांना दिली. जेवायला त्या आमच्यातच असायच्या.

बाबा ट्रॉलरवर खलाशी. ते आठ-आठ दिवस नसत, तेव्हा घरात आई, मी आणि बाई अशा तिघीच. संध्याकाळी आई मासे साफ करायला बसली की बाई पाट घेऊन शेजारी बसायच्या. त्यांना सगळे मासे सारखेच दिसत.

"हा बांगडा ना गं?" पेडव्याकडे बोट दाखवून त्या विचारायच्या.

मग मी त्यांना एकेक मासा ओळखायला शिकवलं. कर्ली कशी खायची, काटे कसे बाजूला सारायचे, तेही दाखवलं. त्या मला तिथेच बसल्या बसल्या नाउनचे प्रकार शिकवायच्या. माझ्या उत्तरासाठी इतका वेळ थांबणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी चुकले तर त्या म्हणायच्या, "घाई नाही, परत बघ."

प्रॉपर नाउन मला लगेच समजलं. पूर्णगड हे एकाच गावाचं नाव, आणि गाव म्हटलं की कुठलंही, ते कॉमन. कलेक्टिव्हही सोपं गेलं. अॅबस्ट्रॅक्टला त्यांनी भूक आणि भीती ही उदाहरणं दिली. दिसत नाही, पण असते. मटेरिअल नाउनपाशी मात्र त्या जरा अडल्या. "मटेरिअल म्हणजे वस्तू. ज्याला हात लावता येतो ते."

"म्हणजे होडीसुद्धा?" मी विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. "हो. लाकडाचीच की ती." आणि माझ्या वहीत लाल पेनाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: बोट, नेट, बास्केट, मटेरिअल नाउन. दुसऱ्या दिवशी फळ्यावरही तेच आलं. सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तपासणीला साहेब आले. बाईंनी आदल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं, "साहेबांनी विचारलं की तू हात वर कर. तुझ्यावर भिस्त आहे माझी." मी पहिल्या बाकावर बसले होते. साहेबांनी नाउनचे प्रकार विचारले, मी पाचही सांगितले. बाईंचा चेहरा खुलला. साहेबांनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं.

"बोट. कोणतं नाउन?"

"मटेरिअल नाउन."

"आणि वुड?"

"तेही मटेरिअल."

"लाकूड मटेरिअल, हे बरोबर. पण त्याची होडी झाली की ते कॉमन नाउन. हे कुणी शिकवलं तुला?"

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या हसून म्हणतील, माझंच चुकलं साहेब. आमच्याकडे पेडव्याला बांगडा म्हणून चुकायच्या तेव्हा अशाच हसायच्या. पण त्या साहेबांकडे बघत होत्या.

"मी व्यवस्थित घेतलंय साहेब," त्या म्हणाल्या. "हिचंच लक्ष नसतं. आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसते. घरात अभ्यासाचं वातावरण नाही."

मी बाजारात बसायचे ते फक्त रविवारी. एका रविवारी बाईही हौसेने आमच्याबरोबर येऊन बसल्या होत्या.

"वही बघू," साहेब म्हणाले.

वही दप्तरात होती. अगदी वर, हाताला लागेल अशी. ती उघडली असती तर बाईंचं लाल अक्षर साहेबांनी वाचलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर बाईंचा करार आला, आणि मी म्हणाले, "घरी राहिली."

बाईंना वही माझ्याजवळ आहे हे ठाऊक होतं. तासाच्या सुरुवातीलाच मी ती त्यांच्यासमोर दप्तरात ठेवली होती. तरीही त्या म्हणाल्या, "हे नेहमीचंच आहे हिचं."

चुकीचं शिकवलं याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या शेवटच्या वाक्याचं वाटतं.

संध्याकाळी बाई घरी आल्या, हातपाय धुतले आणि मला म्हणाल्या, "वही आण." त्यांनी ते पान काढलं, लाल पेनाने मटेरिअल खोडून वर कॉमन लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "आता नीट पाठ कर." एवढंच. मी चुलीपाशी गेले आणि आईला सगळं सांगितलं.

आईने त्यांना वाढलं. बाईंचं अर्धं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बाई, माझी पोर रविवारची बसते बाजारात. तुम्हांला ठाऊक आहे ते."

बाईंचा हात ताटात थांबला. "माझी नोकरी कराराची आहे, वहिनी. काय करू मी?"

"नोकरी गेली असती तर मलाही वाईट वाटलं असतं. पण पोरीवर कशाला ढकललंत?"

बाई ताट उचलून मोरीकडे गेल्या. महिना संपायच्या आत त्यांना एसटीच्या थांब्याजवळ खोली मिळाली. सामान न्यायला मी मदत केली नाही. वर्गात त्या पूर्वीसारखंच चांगलं शिकवत, आणि नाव घेऊन विचारल्याशिवाय मी उत्तर देत नसे. इंग्रजीत पहिली मात्र येत राहिले.

पाच-सहा वर्षांनी, रत्नागिरीला कॉलेजात असताना, स्टँडवर त्या भेटल्या. नोकरी कायम झाली होती, कडेवर मुलगी होती. मला त्यांनी लांबून ओळखलं, आईची चौकशी केली, कर्लीची आठवण काढली. मग सोबतच्या मैत्रिणीला कौतुकाने म्हणाल्या, "ही माझी विद्यार्थिनी. हुशार. पण साहेबांसमोर एकदा अशी गडबडली होती, नाउनसुद्धा सांगता येईना."

त्या खरंच तसंच धरून चालल्या होत्या. चेहऱ्यावर लपवाछपवी कुठे नव्हती.

"बाई, मी तुम्ही शिकवलेलंच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "छे गं. मी कशी चुकीचं शिकवेन?"

मुलगी रडायला लागली, तिला थोपटत त्या बाजूला झाल्या. मी घरी जाऊन आईला बाई भेटल्याचं सांगितलं. मुलगी गोड आहे, म्हणाले. पुढचं बोलणं तिला सांगितलं नाही.