झोपाळू कॉम्प्युटर

नव्या लग्नपत्रिकेचा वास आला की मला परळीतलं, वीजकेंद्राच्या राखेची पुटं चढलेलं ते छपाईचं दुकान आठवतं. मी तिथे पत्रिका टाइप करायचे. गिऱ्हाईक मजकूर वाचेपर्यंत कॉम्प्युटर झोपी जायचा आणि उठायला चहा संपेपर्यंत वेळ घ्यायचा. तेवढ्यात गिऱ्हाइकाला हमखास एखादं राहिलेलं नाव आठवायचं. एकदा मी खटपट करून सेटिंग बदललं, आणि तो चुटकीसरशी उठू लागला. त्याच आठवड्यात एका नवरीचे वडील छापलेला गठ्ठा घेऊन परत आले. "थोरल्या मामाचंच नाव न्हाई! लई रुसलाय, लग्नाला येत न्हाई म्हणतो!" मालकांनी पत्रिका पुन्हा छापायला घेतल्या आणि मला म्हणाले, "ताई, झोपू द्या त्याला पैल्यासारखं." आज माझा लॅपटॉप क्षणात उठतो, पण गिऱ्हाइकाचा चहा संपल्याशिवाय मी पत्रिका छापायला सोडत नाही.