बोंब येईपर्यंत डाग

आमच्याकडे दुखण्यावर डाग द्यायची एकच रीत होती. तापलेली सळई टेकवायची आणि माणूस बोंबलला की उचलायची. धुळ्याजवळच्या आमच्या गावात आबा, म्हणजे माझे वडील, बैलांना डागायचे आणि माणसांनाही. बैल लाथ मारतो, माणूस ओरडतो, एवढाच काय तो फरक.

माझ्या उजव्या पायाची शीर कुल्ल्यापासून टाचेपर्यंत वर्षभर पेटलेली होती. नुसती शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आबांचे डाग खाऊन झाले, गुण शून्य. शेवटी थोरल्या भावाने मला गाडीत घालून धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी कंबरेखाली लांबलचक सुई खुपसली तेव्हा मी टेबलाच्या कडेला दात रोवले. पण मग पाय गप्प झाला. "संध्याकाळपर्यंत बधिर राहील, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. घाबरतो कोण! परतीच्या वाटेवर मी चक्क गाणी म्हटली.

घरी गाडीतून उतरलो आणि पाय दुमडून अंगणात तोंडावर आपटलो. आबांनी पोटरीला कचकन चिमटा काढला. मला पत्ताच नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाय मरी ग्या! डाक्टरनी बठ्ठा पाय मारी टाका!"

"आबा, ते औषध शे! सांजले उतरी जाई!"

ऐकतो कोण! मेलेला पाय जागा करायचा तर विस्तवच हवा. आबांच्या हुकमापुढे भावाचंही चालेना; त्याने माझ्या छातीवर गुडघा रोवला. मी त्याचा ओठ फोडला, तरी तो हटला नाही. आबांनी लाल सळई टाचेवर दाबली.

चर्र झालं. जळक्या कातड्याची घाण सुटली. मी घसा फोडून शिव्या देत होतो, पण रागाची बोंब वेगळी आणि चटक्याची वेगळी, हे आबांच्या कानाला पक्कं ठाऊक होतं. ती येईना, म्हणून ते सळई उचलेनात.

"वरड ना रे, वरड!" रडत रडत ते दुसऱ्या हाताने मला थोबाडीत मारत होते. सळई काळी पडली तेव्हा ती पुन्हा तापवायला घातली.

दिवेलागणीला औषध उतरलं. मी असा किंचाळलो की गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली. आबा धावत आले आणि मला त्यांनी घट्ट कवटाळलं.

"जित्ता शे! पाय जित्ता शे!"

मी त्यांच्या दंडाला रक्त येईपर्यंत चावलो. तरी ते हसतच होते.