त्या सात जणींची मैफल मी मोडली

जोएल वर्षापूर्वी मेला नव्हता.

तो आज दुपारी गेला. आणि त्याला मी घालवलं.

गेलं वर्षभर माझ्या वॉलवर हात जोडलेले इमोजी टाकणाऱ्यांनी प्लीज एकदा शांतपणे वाचा. वेडी म्हणायचं असेल तर शेवटी म्हणा.

जोएल साळवी. व्हायोलिन वाजवायचा. घर गाझियाबादला, पण दर शनिवारी मेट्रो बदलत दिल्लीत आर. के. पुरमला क्लासला यायचा. क्लास घेणाऱ्या जोशी काकू आमच्याच सरकारी क्वार्टर्समध्ये राहतात. मी तबल्यावर साथ करायचे. पुढे आमचं जमलं, हे तुम्हाला माहीतच आहे.

काकूंचा एक नियम होता. क्लास संपताना दोन ओळी का होईना, भैरवी. भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर कुणी वाजवत नाही.

जोएल नेमका तेव्हाच व्हायोलिनची पेटी उचलून पळायचा.

"मेट्रो जाईल यार. माझ्या वाटची भैरवी तू ऐक."

मागच्या वर्षी हिंदूराव हॉस्पिटलकडच्या रिजवर, त्या जंगलाच्या टेकडीवर, त्याला एक जुनी बावडी सापडली. पायऱ्यांची खोल विहीर, तळाला गुडघाभर हिरवं पाणी. आवाज मस्त घुमतो म्हणून हा भर दुपारी बारा वाजता तिथे रील बनवायला बसला.

संध्याकाळी फोन.

"रेवा, खाली सात बायका येऊन बसल्या होत्या. नऊवारीत! चक्क मराठी बोलत होत्या. काय सिरियस ऑडियन्स यार, बिल्कुल हलल्या नाहीत."

"मग?"

"मग काय, फोनची बॅटरी संपली. मी त्यांना म्हटलं, बाकीचं उद्या."

बाकीचं उद्या!

पाण्यावर साती आसरा असतात, भर दुपारी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे माझ्या आईलाही अर्धवटच आठवतं. आम्ही तर दिल्लीत वाढलेली पोरं. आम्हाला त्या गोष्टीतल्या पऱ्या वाटल्या.

तो रोज जायला लागला. सगळ्यात धाकटी त्याच्या शेजारी येऊन बसायची. हे त्यानेच सांगितलं, वर लाजला. माझं डोकं फिरलं.

"मग जा ना, तिलाच ऐकव," मी म्हटलं.

तो गेला.

पायरीवर व्हायोलिनची रिकामी पेटी मिळाली. पोलिसांनी गाळ उपसला, पण हाती काही लागलं नाही. सहा फुटी मुलगा गुडघाभर पाण्यात बुडाला, असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं.

त्याच्या आईने नाही केलं. तिने चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना होऊ दिली नाही. रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची.

आणि मी तिथे जाऊन ऐकलं. दुपारी बाराला बावडीतून व्हायोलिन वाजत होतं. तेच, रीलमधलं. मध्येच तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मैफल अर्धी टाकून उठला ना तो? मग ती संपलीच नाही. त्या त्याला सोडायच्या नाहीत."

"आणि मी तिथे भैरवी म्हटली तर?"

"तर संपली. त्यांच्यापुढे पुन्हा कधी कुणाला वाजवता येणार नाही." मग म्हणाल्या, "पण रेवा, इतके दिवस अन्नपाण्यावाचून बसलेला माणूस तिथून उठून कुठे जाणार, याचा विचार कर."

मी तबलेवाली. गळा कावळ्याचा. तरी आठ महिने एकच भैरवी घोकली. शेजारच्या आंटी विचारायच्या, "बेटा, तबीयत तो ठीक है?"

खरं सांगते, त्याची सुटका वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. माझं हिसकावलंत ना? आता तुमचं जाऊ दे. एवढंच होतं.

आई म्हणाली, "खण-नारळ घेऊन जा, ओटी भर, पदर पसर."

पदर पसरायला माझं खेटर जातं! मी फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप घेतलं आणि गेले.

आज दुपारी बारा.

सातही होत्या. जोएल खालच्या पायरीवर होता, अंगात तीच करडी हुडी. बोटं तारांनी चिरलेली, पण हात चालूच. धाकटीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

"आलीस?" ती म्हणाली. "बस. ठेका धर. दोघं इथेच राहा."

अच्छा! म्हणजे मी साथीला, आणि ही खांद्यावर!

मी तानपुरा लावला आणि भैरवी धरली. सगळ्या जणी दचकल्या. थोरलीने कानांवर हात ठेवले, पण मला थांबवलं कुणीच नाही. भैरवी मध्येच तोडायची नसते, एवढा रिवाज त्या पाळतात.

धाकटी रडायला लागली. "नको गं. तो जाईल. तुझाही राहणार नाही."

तिथे माझा आवाज अडकला. दर दुपारी निदान ऐकू तरी येत होता तो मला.

जोएलने मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा मला ओळखलं.

"रेवा, दुसरी ओळ बेसूर गेली."

मी ती पुन्हा घेतली. सुरात. आणि शेवटपर्यंत म्हटली.

त्याने क्लास सुटल्यासारखं व्हायोलिन खाली ठेवलं. डोळे मिटले. मग पायरीवर कुणी नव्हतं.

त्या सात जणी अजून तिथेच बसल्या आहेत, पाण्याकडे कान लावून. बसा म्हणावं. करावं तसं भरावं.

तिथून थेट गाझियाबादला गेले. त्याच्या आईला सगळं सांगितलं.

"वाजवत होता का गं?"

"हो."

"दमला होता?"

"खूप."

तिने उठून झाकलेलं ताट उचललं. "मग बरं केलंस," म्हणाली.

रविवारी सकाळी त्यांच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना आहे. जमेल त्यांनी या.

त्या सात जणींना माझा तळतळाट. श्रद्धांजली फक्त तुला.

नीट जा, जोएल.