कोलोनला मी काय पाहिलं

चौथीत असताना मला फळ्यावरचं दिसत नाही हे गुरुजींच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून जाड भिंगांचा चष्मा नाकावर बसला तो कायमचा. चष्मा काढला की वीतभर अंतरावरचं सगळं स्वच्छ दिसायचं. त्यापलीकडे नुसते रंग, एकमेकांत सांडलेले. समोरून येणारा माणूस आहे की गाय, हे आवाज आल्याशिवाय कळायचं नाही.

अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकत असताना, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, एका योजनेतून वर्षभरासाठी हॉलंडला जायला माझी निवड झाली. अमरावतीत आमची वस्ती नुकतीच बौद्ध झालेली, आणि तिच्यातून परदेशी जाणारा मी पहिलाच. मला सोडायला बडनेरा स्टेशनावर एवढी माणसं आली की गाडीतल्या लोकांना कोणी पुढारी चाललाय असं वाटलं. वडील बांधकाम खात्यात मुकादम होते. ते एवढंच म्हणाले, "सगळं नीट पाहून ये. आल्यावर आमाले सांगजो."

हॉलंडमधल्या त्या शेतकी शाळेत निरनिराळ्या देशांतून आलेली आम्ही दहा-बारा मुलं होतो. नावं एकमेकांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून आम्ही देशाच्याच नावानं हाका मारायचो. माझी गट्टी इजिप्तशी जमली. नाईलच्या काठच्या एका खेड्यातला हा मुलगा, वडिलांची कपाशीची शेती. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. पण बोंड, सरकी, अळी, गाठी यांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकायचो.

वसंत ऋतूत आमच्या डच मास्तरांनी शनिवार-रविवारची सहल काढली. सीमेपलीकडे जर्मनीत, कोलोन शहरात. मला आठवडाभर झोप नव्हती. हॉलंडमध्ये आम्ही गोठे आणि कुरणंच पाहिलेली, खरं मोठं शहर अजून पाहायचंच होतं.

कोलोनच्या स्टेशनावर उतरताना गर्दीत कोणाची तरी ट्रंक माझ्या तोंडावर आपटली. चष्मा खाली पडला. मी वाकलो तेवढ्यात कोणाचा तरी बूट त्याच्यावर पडला. तो कचकन झालेला आवाज मला आजही ऐकू येतो. इजिप्तनं तुकडे गोळा करून माझ्या हातात दिले. एका भिंगाचा अर्धा भाग आणि काडी, बाकी चुरा.

मास्तर भला माणूस. बाकीच्यांना थांबवून ते मला घेऊन चष्म्याच्या दुकानाच्या शोधात निघाले. पण शनिवारी दुपारनंतर तिथली दुकानं बंद. एका बंद दारावर त्यांनी इतकं ठोठावलं की वरच्या मजल्यावरून मालक खाली आला. त्यानं तो तुकडा उजेडात धरून पाहिला आणि हळहळला. असं भिंग तयार मिळत नाही, करून घ्यावं लागेल, आठवडा तरी लागेल, असं त्यानं सांगितलं. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिथून पुढे मी इजिप्तच्या दंडाला धरून शहर पाहिलं. स्टेशनाच्या बाहेरच ते प्रसिद्ध चर्च आहे. माझ्यापुढे फक्त एक काळसर ढग उभा होता.

"किती उंच आहे रे?" मी विचारलं.

"तुमच्याकडे कापसाच्या जिनिंग कारखान्याला धुराडं असतं ना? तसली पुष्कळ, एकावर एक ठेव. आणि सगळ्यांवर नक्षी. काळं पडलंय, धुरानं."

"आणि नदी?"

"नाईलवाल्याला काय विचारतोस? छोटी आहे." मग माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "नाही, चांगली आहे. मोठी आहे. बोटी आहेत."

महायुद्धात पडलेली घरं अजून तशीच आहेत, असंही त्यानं सांगितलं. एका घराची फक्त भिंत उभी आहे आणि तिच्यात वरच्या मजल्याचं दार आहे, कुठंही न उघडणारं. मी मान हलवत राहिलो. तो कंटाळत नव्हता, पण पाहता पाहता त्याचं बोलणं मध्येच थांबायचं, आणि मला कळायचं की तो आता माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी पाहतो आहे. पाहू दे की. तोही आयुष्यात एकदाच आलेला.

रविवारी सकाळी सगळी मुलं त्या चर्चच्या मनोऱ्यावर चढणार होती. इजिप्त म्हणाला, "मी थांबतो."

"काहून थांबतो? जा!" मी मराठीतच ओरडलो. त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मला चौकातल्या बाकावर उन्हात बसवून, हलू नकोस असं बजावून तो गेला.

थोड्या वेळानं एक काळी आकृती माझ्यापाशी येऊन थांबली. म्हातारी बाई असावी, आवाजावरून. जवळ वाकली तेव्हा सुरकुत्या आणि टोपीची जाळी दिसली. ती काहीतरी विचारू लागली. मला जर्मनचे मोजके शब्द येत होते. "या" म्हणजे हो, "नाइन" म्हणजे नाही, आणि धन्यवाद. तिचा स्वर इतका मायेचा होता की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. मी म्हटलं, "या."

तिनं आणखी काही विचारलं. मी पुन्हा "या."

तिनं माझा दंड धरला आणि मला उठवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मला आंधळा समजते आहे. मी "नाइन, नाइन" म्हणू लागलो, पण तिनं माझा हात थोपटला, जणू उपकारानं संकोचू नकोस म्हणत होती. गाड्यांचे आवाज दोन्ही बाजूंना. म्हातारीला हिसडा देऊन रस्त्याच्या मधोमध कुठं जाणार? पलीकडे पोचतो न पोचतो तोच घंटा वाजली, पायाखाली पायरी आली, कोणीतरी वरून हात देऊन मला ओढून घेतलं. म्हातारीनं त्या माणसाला काहीतरी सांगितलं, माझ्या गालाला हात लावला, आणि ट्राम सुटली.

एका बाईनं उठून मला जागा दिली. कोणीतरी माझ्या हातात सफरचंद ठेवलं. सगळेच इतके चांगले वागत होते की ओरडायचं तरी कोणावर? खिडकीतून रंग धावत होते. राहण्याच्या जागेचं नाव मला माहीत नव्हतं, ते मास्तरांना ठाऊक. कंडक्टर जवळ आला तसा मी त्याची बाही धरली. इंग्रजी त्याला येईना, आणि माझंही पळालं होतं. तोंडातून निघालं ते हे:

"दादा, मले उतरू द्या ना. माह्ये लोक तिथंच राह्यले."

तो शांतपणे ऐकून घेत होता. मला रडू फुटलं. चांगला बाविशीतला गडी, सफरचंद हातात धरून हमसत होतो. मग एकदम त्या चर्चचा शब्द आठवला, जो मुलं कालपासून बोलत होती. "डोम! डोम!"

"आ, डोम," कंडक्टर म्हणाला. त्यानं मला उतरवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं, तिथं ट्राम परत फिरेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिला, आणि त्याच ट्राममधून परत आणून चौकात सोडलं. उतरल्याबरोबर ऐकू आलं, दुरून, घोगरं झालेलं: "इंडिया! इंडिया!"

इजिप्तनं मला मिठी मारली, मग दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. तो शिव्या देत होता, अरबीत. मास्तर पोलिसांकडे गेले होते. सगळ्यांची दुपार माझ्यापायी गेली, पण कोणी तसं बोललं नाही. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. नवा चष्मा हॉलंडमध्ये यथावकाश झाला. कोलोनला मी पुन्हा कधीच गेलो नाही.

अमरावतीला परत आल्यावर वडिलांनी वस्तीतली माणसं अंगणात जमवली. हॉलंडच्या गोठ्यांचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सांग आता, जर्मनी कशी आहे थे." मी ट्रामची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. वडील हसले नाहीत. "म्हणजे तुले काईच नाई दिसलं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "नाई, बाबा." मग आई म्हणाली, "थ्या म्हातारीनं तुले इचारलं काय होतं पन?"

पुढे मी अकोल्याला शेतकी खात्यात लागलो. इजिप्तची पत्रं यायची, कपाशीबद्दलच जास्त. मग सदुसष्ट साली, पेरणीच्या दिवसांत, चहाच्या हॉटेलातल्या रेडिओवर त्यांच्याकडे लढाई सुरू झाल्याची बातमी ऐकली. मी त्याच दिवशी पत्र टाकलं. मग दुसरं, मग आणखी एक. त्याच्या वयाची मुलं लढाईवर गेली असतील, हे मला कळत होतं. अकोल्यात बसून मी दुसरं काय करणार? डाक आणणाऱ्याला रोज विचारत असे. पुढे पुढे तोच मला पाहून लांबूनच नाही म्हणून मान हलवू लागला.