सरांच्या घरची मुलाखत

माझा धाकटा भाऊ लोकांना नोकरीच्या मुलाखती द्यायला शिकवतो. गल्ली त्याला सर म्हणते. मी म्हणत नाही. त्याने स्वतः जन्मात एकही मुलाखत दिलेली नाही. काकांनी कुणा साहेबाचे पाय धरून त्याला एका कारखान्यात चिकटवला. तिथे मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांना हाक मारून आत सोडायचं काम त्याच्याकडे असायचं. दार बंद झालं की हा बाहेरून कान लावायचा. कारखाना बंद पडल्यावर तेवढ्याच भांडवलावर त्याने घराच्या पुढच्या खोलीत वर्ग थाटला.

बायोडेटाही तोच करून देतो, आणि सगळ्यांचा एकच. स्वभाव शांत, उणीव म्हणजे कामात तहानभूक विसरणं, छंद वाचन आणि पोहणं. दम्याने बेजार झालेल्या एका बाईलाही त्याने कागदावर पोहायला लावलं. मी बोलले तर म्हणाला, "ताई, साहेब लोकांना पोहणारी माणसं आवडतात. तुला काय कळतं त्यातलं?"

मला एवढंच कळतं की शांत स्वभाव शिकवताना हा घसा बसेपर्यंत ओरडतो.

भावजय गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते, म्हणून सांगते, त्या ओरडण्याचा खरा मारा त्याच्या लेकीवर होता. पोर पदवीधर झाली आणि तिची सरावाची मुलाखत सुरू झाली, ती काही केल्या संपेचना. स्वतःच्याच घरात शिरताना तिने दार वाजवून "आत येऊ का, सर?" असं विचारायचं. जेवताना जरा पाठ वाकली की हा "देहबोली!" म्हणून खेकसायचा. मला हातात पेन्सिल देऊन मुलाखत घेणारी म्हणून बसवायचा, वर हसायचं नाही अशी ताकीद. हसू येतंय कुणाला! मला ती पेन्सिल त्याच्या डोक्यात खुपसावीशी वाटायची.

मग लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात आली. फोनवर तक्रारी घ्यायचं काम, गाव दुसरं, राहायला कंपनीची खोली. पोरीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "आत्या, ही नोकरी नाही मिळाली तर बाबा मला वर्गातच जुंपणार. वेड लागेल मला." जुंपणारच होता. तिच्यासाठी वेगळं टेबलसुद्धा आणून ठेवलं होतं त्याने.

तिचा बायोडेटाही अर्थात त्यानेच केला. पोर घोटाभर पाण्याला घाबरते, तरी छंद पोहणं.

मुलाखतीत काय झालं ते परत आल्यावर तिने मला सांगितलं. समोरच्या बाईंनी कागद वाचला आणि शेजारच्या साहेबांकडे सरकवला. "सकाळपासूनची ही चौथी पोहणारी," त्या म्हणाल्या. "तुमच्या भागात पूर येतो का हो?"

पाठ केलेली उत्तरं पोरीच्या जिभेवर होती, पण आता ती कोणत्या तोंडाने द्यायची? "मला पोहता येत नाही," तिने सांगून टाकलं. "आणि कामात तहानभूकही विसरत नाही मी. वेळेवर भूक लागते मला."

साहेब हसले नाहीत. टेबलावर हात आपटून एकदम ओरडायलाच लागले. मी केव्हाचा लिफ्टमध्ये अडकलोय, तुम्ही तिथे झोपा काढता का, तुमची लायकी काय, आणि बरंच काही. पोर बसल्या जागी बसून राहिली. ते दम घ्यायला थांबले तेव्हा तिने विचारलं, "कुठल्या मजल्यावर आहात? सोबत कोणी आहे का?" ते पुन्हा कडाडले. तिने पुन्हा तेच विचारलं, तितक्याच हळू आवाजात. शेवटी त्यांनी मुकाट्याने मजला सांगितला.

"अशा माणसांना तोंड द्यायचा अनुभव आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. घरी वडील आहेत."

नोकरी मिळाली. भावाने तिचा फोटो दारावरच्या फळ्यावर लावला, खाली 'आमच्या वर्गाचं यश'. ती निघायच्या दिवशी, बॅग भरून तयार असताना, तिला वर्गापुढे उभं केलं. "सांग यांना, कशामुळे निवड झाली ते."

मी दारातच होते. वाटलं, पोर जाता जाता काहीतरी गोड बोलून सुटका करून घेईल. तिने जसं घडलं तसं सांगितलं, शेवटच्या उत्तरासकट. एक जण फिस्सकन हसला आणि बाकीच्यांची तोंडं बघून गप्प झाला. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू, मला भावाची जराही कीव आली नाही.

पण लाजेल तर तो माझा भाऊ कसला! क्षणभर कानशिलं लाल झाली, मग टाळी वाजवून म्हणाला, "बघितलंत? घरची तयारीच कामाला आली शेवटी. लिहून घ्या." आणि त्या मेंढरांनी खरोखर वह्या उघडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या बाकावरच्या बाईने पेन वर केलं. "सर, हे बायोडेटात कुठे घालायचं? अनुभवात की इतर माहितीत?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात पोरीने बॅग उचलली.

"वरतीच जागा असते की," ती म्हणाली. "वडिलांचं नाव. त्याच्यासमोर लिहा."