दिघे सरांचा डेन्मार्क

फॉर्म माझ्या हातात होता आणि पेन वॉर्डातल्या सिस्टरचं. रुग्णाला आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर दुसरीकडे नेत आहोत, असं हिंदीत छापलेलं, आणि खाली नातेवाइकाच्या सहीची जागा. मी दिघे सरांची नातेवाईक नाही, विद्यार्थिनी. पण सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच गेलेल्या, एकुलता एक मुलगा समीर डेन्मार्कला, त्यामुळे सरकारी दवाखान्यातल्या त्या पलंगाशेजारी त्या दिवशी मीच होते. फोनवर समीरदादा सांगत होते, "वर्षा, अँब्युलन्स बाहेर उभी आहे. प्रायव्हेटवाल्यांशी माझं बोलणं झालंय, पैसे भरलेत. तुम्ही फक्त सही करा." सरांना ते ऐकू गेलं. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवला आणि म्हणाले, "मी सदतीस वर्षं या दवाखान्याचे पैसे भरलेत, वर्षा. आता आजारी पडलो तर मला इथून काढतेस?" मग दम लागला. थोड्या वेळानं पुन्हा, "घडी कर त्या कागदाची..." मी घडी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर गेले.

त्याला आता दीड महिना होतो आहे. बातमी कळवायला मी फोन केला तेव्हा समीरदादांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच वाक्य म्हणाले, "तुम्ही सही केली असती तर बाबा आज असते." हा लेख मी सरांचं कौतुक करायला लिहिते आहे आणि ते भरपूर करणार आहे. पण हे वाक्य लपवून लिहिलं तर सरांनीच माझा पेपर परत केला असता.

इंदूरच्या ज्या कॉलेजात आज मी अर्थशास्त्र शिकवते, तिथेच सर आम्हाला सार्वजनिक वित्त शिकवायचे. म्हणजे सरकार पैसा कुठून आणतं, कर्ज किती काढतं आणि त्यातून लोकांना काय देतं. विषय रुक्ष, पण सरांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलं दारात उभी राहायची. मी इंदूरजवळच्या सिमरोल गावाहून यायची. पणजोबा इंदूर संस्थानाच्या फौजेत शिपाई होते म्हणून घरात मराठी टिकली, बाकी सगळं माळवी. बाबा आधी दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, मग तिथे इंजिनिअरिंगचा मोठा कॅम्पस झाला तेव्हा माळी म्हणून लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही छाती फुगवून सांगते. तेव्हा मात्र छाती वगैरे काही फुगत नव्हती, मागच्या बाकावर बसून मी फक्त लिहून घ्यायची.

एकदा वर्गात आयकराचा विषय चालला होता. कपडा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, टैक्स तो हमारे जैसे घर भरते हैं. आधी क्लास तो फ्री में पढ़ रही है." माझी फी माफ होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. कोणीतरी मागे वळून माझ्याकडे बघितलं. उद्यापासून यायचं नाही, हे मी त्या एका मिनिटात ठरवून टाकलं होतं. सर त्याच्यावर रागावले नाहीत. खडू घेऊन मला विचारलं, "वर्षा, तुझे बाबा सकाळी उठल्यापासून काय काय विकत घेतात, सांग बरं." मला वाटलं, आता उरलीसुरली अब्रूही जाणार. पण सांगत गेले... मंजन, साबण, चहापत्ती, बिडी, लूनामधलं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, चपला. सर एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेले आणि प्रत्येकापुढे त्यात दडलेला कर मांडत गेले. मग व्यापाऱ्याच्या मुलाला, इंदुरात भाऊ म्हणून हाक मारतात तसं, म्हणाले, "भिया, तुझ्या घरी कमाईतला बराच पैसा शिल्लक पडतो. हिच्या बाबांची कमाई महिना संपायच्या आत सगळी दुकानात जाते, आणि दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर सरकार बसलेलं आहे. तू टॅक्स भरतोस ते तुला माहीत आहे. ते भरतात आणि त्यांना माहीतच नाही. एवढाच फरक." त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बाबांना ती यादी वाचून दाखवली. बाबा आधी हसले. आठवड्याभरानं पंचायतीत जाऊन, हँडपंप आपल्याच टॅक्सचा आहे या थाटात म्हणाले म्हणे, "म्हारा टैक्स को हैंडपंप है, ठीक कराओ." हँडपंप दुरुस्त झाला की नाही ते विचारू नका, पण बाबा त्या दिवसापासून सरांना न भेटताच मित्र मानायला लागले. आणि मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले, दुसऱ्या बाकावर बसले.

देशांची तुलना हा सरांचा खास प्रांत. फळ्यावर चार देश लिहायचे, डेन्मार्क, जपान, एखादा आखाती देश आणि आपला, आणि त्यांच्यापुढे तीन रकाने. कर किती, कर्ज किती आणि तिसरा त्यांचा स्वतःचा, भांडायची सोय किती. आखाती देशात पगारावर कर नाही हे ऐकून मुलं खूश व्हायची. सर म्हणायचे, "खूश होऊ नका. सरकार तेलावर चालतं तिथे, तुमच्यावर नाही. मग तुमचं ऐकेल कशाला? टॅक्स म्हणजे भांडायचं लायसन्स आहे, बाबांनो." जपानचं कर्ज देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाहूनही कितीतरी मोठं आहे हे कळल्यावर मी घाबरून विचारलं होतं, तो देश बुडत कसा नाही? सर म्हणाले, "बहुतेक कर्ज त्यांनी घरच्यांकडूनच घेतलंय. कर्ज किती हे नंतर बघ. आधी विचार, कोणाकडून घेतलं आणि त्यातून बांधलं काय." हे दोन प्रश्न मी आज माझ्या विद्यार्थ्यांना विचारते आणि स्वतःचे असल्यासारखे विचारते.

डेन्मार्कवर तर त्यांचा जीव होता. पगाराचा केवढा तरी वाटा सरकार घेतं आणि लोक कुरकुरले तरी देतात, कारण शाळा, दवाखाना, म्हातारपण सगळं त्यातच आलं. पण दुसऱ्या देशाचं कौतुक करून आपल्याला शिव्या देणाऱ्यांतले सर नव्हते. ते सिटी बसनं यायचे. सरकारी वाचनालयात बसायचे. ताप आला तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे, आणि ओळखीचा कंपाउंडर "सर, आप अंदर आ जाओ" म्हणाला तर त्यालाच नियम सांगायचे. रांगेतला बाक मोडका दिसला की अर्ज. पंखा बंद, अर्ज. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांना बोलता येतं ते सगळे प्रायव्हेटमध्ये गेले म्हणून सरकारी दवाखाना मुका झाला. बड़ा गणपतीच्या देवळाजवळच्या पोहेवाल्याकडेही ते कर लावलेलं पक्कं बिल मागायचे. तो एकदा वैतागून म्हणाला, "सरजी, पोहे खाओ, बिल की जलेबी मत बनाओ." सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी वर्गात येऊन स्वतःच सांगितलं. हट्टी होते. घरच्यांना त्याचा त्रासही झाला असणार. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या सरांबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे अर्थसंकल्प मांडणं आहे गं."

काकू गेल्यावर समीरदादांनी त्यांना तीन महिन्यांसाठी डेन्मार्कला नेलं. मला वाटलं, काशीला पोचले आता. सहाव्या आठवड्यात सर परत. तिथे छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात दाखल झाले होते, बरे झाले आणि तिकीट बदलून निघून आले. मी विचारलं, "काय झालं सर? आवडलं नाही?" म्हणाले, "जे जे शिकवलं ते सगळं खरं निघालं." समीरदादांचा विषय काढला की मात्र चष्मा पुसायचे.

म्हणून तो फॉर्म हातात होता तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. वॉर्डातला तरुण डॉक्टर स्वच्छ म्हणाला होता, "ले जाना हो तो ले जाओ, मैडम. वहां मशीनें नई हैं. दवा यही रहेगी. दिल में अब ज़्यादा दम नहीं है." मला सही करायची होती. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी प्रायव्हेटमध्ये करून घेतलं. मी सरकारीचं नाव काढताच बाबा म्हणाले होते, "जन्मभर त्याच रांगेत उभा राहिलो बाई. तू शिकलीस ती काय मला परत तिथंच उभं करायला?" ज्याच्याकडे दुसरी वाटच नव्हती त्याला प्रायव्हेटचा मान हवा होता. ज्याच्याकडे वाट होती त्या माणसाचा मान इथे, या पलंगावर होता. दोघांचंही मी ऐकलं. बाबांना आज दोन्ही डोळ्यांनी दिसतं. सर गेले...

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, त्यासाठी इंदूरला आलेल्या समीरदादांनी मला सरांच्या घरी बोलावलं. सरांची पुस्तकं कॉलेजला द्यायची होती. खोक्यांत पुस्तकं भरत होतो. मग मीच म्हणाले, "समीरदादा, मला सही करायची होती. सरांनी नको म्हटलं म्हणून नाही केली. केली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. रोज विचार करते." ते खाली बसले. म्हणाले, "मलाही माहीत नाही. तुमच्यावर काढलं ते मी. त्यांना माझ्याकडे राहायलाच नको होतं, त्याचा राग होता." मग त्यांनी तिकडची गोष्ट सांगितली. सरांना बरं वाटल्यावर तिसऱ्या दिवशी ते दवाखान्याचा झगा घालून, सलाइनचा स्टँड ढकलत मजलाभर फिरत होते. नर्सला वाटलं वाट चुकले. सर तिला विचारत होते, कॅश काउंटर कुठे आहे. ती म्हणाली, तसं इथे काही नाही. मग पैसे कोण देतं, तर म्हणाली, आम्ही सगळे. "बाबा खोलीत आले, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मला म्हणाले, त्या सगळ्यांत मी नाही रे समीर. तिकीट काढ. मी म्हटलं, मी आहे ना त्यांत. त्यांनी चादर डोक्यावर ओढून घेतली. मला वाटलं, माझं असणं त्यांच्या हिशेबात धरलंच जात नाही."

तेव्हा मला त्यांना ती गोष्ट सांगावी लागली, जी त्यांना ठाऊकच असणार असं मी गृहीत धरत होते. समीरदादांना तिथे नोकरी लागली त्या वर्षी सरांनी त्यांच्याकडून पगाराची स्लिप मागून घेतली होती. अभ्यासाला हवी आहे, एवढंच सांगून. ती स्लिप ते दर वर्षी वर्गात फिरवायचे. नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. मुलं कापलेला कर बघून हळहळायची, बिचारा, अर्धा तर सरकारनं खाल्ला. सर म्हणायचे, "बिचारा नाही. हा पोरगा सकाळी उठून कामाला जातो आणि कुठल्या तरी अनोळखी म्हातारीचं औषध, कुठल्या तरी पोराची शाळा चालवतो. त्याला ती माणसं भेटणारही नाहीत. असा माणूस घडवायला देशाला शंभर वर्षं लागतात." आणि मग स्लिप परत घेताना पट्टी नीट बसली आहे ना ते अंगठ्यानं दाबून बघायचे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं कोणाची आहे ते.

समीरदादांनी विचारलं, "दर वर्षी?"

"रिटायर होईपर्यंत. नंतर मला दिली, मी दाखवते."

ते उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "मी तर कर कापला गेला की दर महिन्याला शिव्या घालतो हो." आणि हसले, आणि मग हसणं राहिलं नाही.

ते परत गेले. गेल्या आठवड्यात त्यांची मेल आली. सहीबद्दल, दवाखान्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. सोबत या महिन्याची पगाराची स्लिप, आणि एकच ओळ, "जुनी फार जुनी झाली असेल, यापुढे ही दाखवा, आणि नाव झाकू नका." मी प्रिंट काढली. सोमवारी वर्गात पहिल्या बाकापासून फिरवली. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं ती वरून खालपर्यंत वाचली, पुन्हा वर गेली आणि म्हणाली, "मॅडम, ये दिघे कौन हैं?"

मी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.