व्हय म्हाराजा

काजूच्या बिया भाजल्याचा उग्र धूर नाकात गेला की मला तो लॅपटॉप आठवतो. त्या दुपारी बाबा खळ्यात पत्र्यावर बिया भाजत होते आणि मी पडवीत बसून लॅपटॉपच्या कंपनीला चौथ्यांदा फोन लावत होतो. सावंतवाडीच्या एका कारागिराच्या लाकडी खेळण्यांची चित्रं लॅपटॉपवर काढून संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, आणि विंडोजऐवजी मी वापरतो ती लिनक्स ही खुली प्रणाली चालते असं सांगून विकलेल्या त्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर चालतच नव्हतं. ओढलेली रेघ पडद्यावर रखडत उमटायची. "कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, तुम्ही दिलेलाच नाही," मी शुद्ध मराठीत सांगत होतो. "हो सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "निदान कार्डाची माहिती तरी खुली करा, लोक स्वतः ड्रायव्हर लिहितील." "हो सर." फोन स्पीकरवर होता. देवळात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्यामागून सगळे म्हणतात, तसं बाबांनी बिया ढवळता ढवळता सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा." मला हसू आलं नाही. तक्रार नोंदवली असं सांगून तिने फोन ठेवला. "आमचो देव कौल तरी देता रे," बाबा म्हणाले, "व्हय तर व्हय, नाय तर नाय." चित्रं गेली नाहीत, कारागिराने काम दुसऱ्याला दिलं. अजूनही लिनक्सचं नवं अपडेट आलं की मी तो लॅपटॉप उघडतो, एक रेघ ओढतो, आणि ती रखडत उमटताना बघून स्वतःशीच म्हणतो, व्हय म्हाराजा.